पांढरीतील घर आणि काळीतील घर : बांधकाम परवानगीसंबंधी काही माहिती

रब्बीची सुगी आटोपली आणि उसाचे बिल हाती आले, की माढा तालुक्यात गावोगावी घरबांधणीची भाषा सुरू होते. जुन्या धाब्याच्या घराची भिंत पावसाळ्यात फुगलेली असते, मुलाचे लग्न ठरलेले असते, किंवा भावाभावांच्या चुली वेगळ्या झालेल्या असतात. गवंडी ठरतो, खडी येऊन पडते, पाया खणण्याचा मुहूर्त निघतो. परवानगीची आठवण मात्र शेजाऱ्याने तक्रार केली किंवा बँकेने कर्जासाठी कागद मागितला, म्हणजे होते. तोवर भिंती खिडकीपर्यंत चढलेल्या असतात. मग घरधनी ग्रामसेवकाकडे धाव घेतो आणि कसाही करून दाखला द्या, असा आग्रह धरतो. परंतु चढलेल्या भिंतीस मागील तारखेचा दाखला देणे ग्रामसेवकाच्या हाती नसते, आणि ज्याने तो दिला त्याने घरधन्याचे हित केले असेही नव्हे.

परवानगीचे काम अवघड आहे असा सार्वत्रिक समज आहे. वस्तुतः लहान घरापुरते ते आज बरेच सोपे झालेले आहे. अडचण येते ती घराच्या नकाशापाशी क्वचितच; ती येते जागेच्या कागदापाशी. यास्तव गवंडी ठरविण्यापूर्वी पहिला प्रश्न विचारावयाचा तो हा, की घर कोणत्या जमिनीवर उभे राहणार?

आपल्या मुलखात वसतीच्या जागेस पांढरी आणि पिकाच्या जमिनीस काळी म्हणण्याचा प्रघात फार जुना आहे. पिढ्यान्‌पिढ्यांच्या पडलेल्या भिंतींची माती साचून गावाखालची भूमी पांढरट झाली, तीच माती पुन्हा धाब्यावर पसरली गेली, आणि गावाला पांढरी हे नाव पडले. जमीन महसुलाच्या कायद्यात हा शब्द नाही, तेथे ‘गावठाण’ आहे. पण भेद तोच आहे. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ च्या कलम १२२ अन्वये गावठाणाची हद्द ठरविली जाते. त्या हद्दीच्या आतील घरास एक नियम आणि बाहेरील घरास दुसरा. आजोबांच्या तोंडचा पांढरी-काळीचा भेद ज्यास समजला, त्यास परवानगीचा अर्धा विषय समजला असे म्हणण्यास हरकत नाही.

अर्ज कोणाकडे करावयाचा, हे प्रथम पाहू. तालुक्यातील बहुतेक गावांत बांधकामाची परवानगी ग्रामपंचायत देते. महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियम, १९५८ (हा पूर्वी मुंबई ग्रामपंचायत अधिनियम म्हणून ओळखला जात असे) याच्या कलम ५२ प्रमाणे गावाच्या हद्दीत पंचायतीच्या पूर्वपरवानगीवाचून कोणतीही इमारत बांधता येत नाही किंवा पुन्हा उभारता येत नाही. ‘पुन्हा उभारता येत नाही’ हे शब्द ध्यानात ठेवण्याजोगे आहेत. जुने घर पाडून त्याच जागी नवे बांधतो, त्यास परवानगी कशाला, हा प्रश्न गावोगावी विचारला जातो. त्याचे उत्तर या शब्दांत आहे. ही परवानगी पंचायत देते. सरपंचांनी पारावर बसून ‘बांधा, कोण विचारतो’ असे म्हटले, तर ती परवानगी होत नाही.

खुद्द माढा शहराची गोष्ट वेगळी. तालुक्याच्या ठिकाणच्या ग्रामपंचायतींचे नगरपंचायतीत रूपांतर करण्याचे धोरण राज्य शासनाने २०१४ मध्ये स्वीकारले आणि त्यानुसार माढ्याची ग्रामपंचायत जाऊन तेथे नगरपंचायत आली. कुर्डुवाडीस नगरपरिषद आहे. या दोन्ही ठिकाणी महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ लागू होतो आणि अर्ज मुख्याधिकाऱ्यांच्या कार्यालयात करावा लागतो. माढा शहरालगत शेत असलेल्या कित्येकांस आपले शेत नगरपंचायतीच्या हद्दीत येते की शेजारच्या ग्रामपंचायतीच्या, याची नेमकी कल्पना नसते. ती प्रथम करून घ्यावी. चुकीच्या दारी केलेला अर्ज महिनाभर पडून राहतो आणि मग परत येतो.

तीन भाऊ, तीन जागा

समजा, सीनेकाठच्या एका गावात तीन भाऊ आहेत. वडिलार्जित घर गावठाणात, शेत गावापासून मैलभर. वाटणी झाली. थोरल्यास जुने घर मिळाले. ते पाडून त्यास विटांचे घर बांधावयाचे आहे. मधल्याने गावठाणालगतच्या शेतातील एक गुंठा विकत घेण्याचे ठरविले आहे. धाकट्यास शेतातच वस्ती करून राहावयाचे आहे. घर तिघांचेही लहानच, परंतु तिघांचा मार्ग तीन प्रकारचा आहे.

थोरल्याची जागा पांढरीत आहे, म्हणून शेतजमिनीचा वापर बदलण्याची कटकट त्यास नाही. त्याची अडचण निराळी आहे. ग्रामपंचायतीच्या दप्तरात घर अजून आजोबांच्या नावे आहे आणि हातात कागद एकच, तो म्हणजे नमुना ८ चा उतारा. हा उतारा करआकारणीच्या नोंदवहीतील असतो. कोणाकडून घरपट्टी घ्यावयाची हे तो सांगतो. जागा कोणाच्या मालकीची आहे, हे तो सिद्ध करीत नाही. (तलाठ्याकडील खाते उतारा ८-अ म्हणून ओळखला जातो, तो याहून सर्वस्वी वेगळा. या दोन आठांच्या घोळात अनेकांचे हेलपाटे वाढतात.) प्रथम वारसांची नोंद करून घ्यावी, वाटणी झाली असल्यास ती रीतसर लेखी करावी आणि बहिणींचे हक्क असल्यास त्यांची संमती किंवा हक्कसोडपत्र घ्यावे. बहिणींना विचारण्याची रीत नाही असे म्हणून हा भाग टाळला जातो, आणि दहा वर्षांनी हीच गोष्ट न्यायालयात निघते.

गावठाणातील मालकीच्या पुराव्याची उणीव भरून काढण्याचे एक साधन आता उपलब्ध झाले आहे. पुरंदर तालुक्यातील सोनोरी या गावी ड्रोनच्या साह्याने गावठाणाची मोजणी करून पाहण्यात आली. पुढे २०२० मध्ये केंद्र शासनाने स्वामित्व योजना सुरू केली. तीत गावठाणातील प्रत्येक घराची हद्द मोजून मिळकत पत्रिका तयार होते. ज्या गावी ही मोजणी पूर्ण झाली आहे, तेथे बांधकामाच्या अर्जास मिळकत पत्रिकेची प्रत जोडावी. ज्या गावी व्हावयाची आहे तेथे मोजणीच्या दिवशी घरधन्याने स्वतः हजर राहावे. रिकाम्या परसाची हद्द दाखविण्यास मोजणीच्या दिवशी कोणी नसले, तर पत्रिकेत परस राहते की जाते, याची खात्री कोण देणार? पत्रिकेतील चूक दाखविण्यासाठी चौकशीची मुदत असते, तीही दवडू नये.

थोरल्याने आणखी एक गोष्ट पाहावी. जुन्या घराचा ओटा किंवा पायरी बोळात आलेली असते, आणि ती वडिलांच्या वेळेपासून आहे म्हणून नव्या घराची भिंतच ओट्याच्या कडेवर घेतली जाते. रस्त्यावरील व सार्वजनिक जागेवरील अडथळा काढण्याचा अधिकार पंचायतीस कलम ५३ ने दिलेला आहे. पूर्वी त्या बोळातून डोक्यावर पाटी घेतलेली बाई गेली तरी पुरे होते. आज तेथून आजाऱ्यास नेणारी गाडी जावी लागते आणि आग लागली तर पाण्याचा टँकरही. घर पाडलेले असते तोच एक क्षण असा असतो, की ज्या वेळी बोळ हातभर रुंद करणे बिनखर्चाचे असते. पागोळीचे पाणी शेजाऱ्याच्या भिंतीवर पडणार नाही, इतके अंतर राखावे आणि सांडपाण्याची वाट नकाशातच दाखवावी. गावातील निम्मी भांडणे पागोळीची व मोरीच्या पाण्याची असतात, हे कोणीही ग्रामसेवक सांगेल.

मधल्या भावाचे प्रकरण तिघांत सर्वांत नाजूक आहे. गुंठ्याचा व्यवहार साध्या लिखाणावर होतो, पैसे दिले जातात, ताबा मिळतो आणि सातबारा मूळ मालकाच्याच नावे राहतो. शेतजमिनीचे लहान तुकडे पडू नयेत म्हणून १९४७ पासून तुकडेबंदी व एकत्रीकरणाचा कायदा आहे. त्याखाली ठरलेल्या प्रमाणभूत क्षेत्राहून लहान तुकड्याची खरेदी नोंदविण्यास अडथळा येतो. अलीकडे या कायद्यात निरनिराळ्या सवलती देण्यात आल्या आहेत. आपला गुंठा त्यांत बसतो किंवा नाही, हे पैसे देण्यापूर्वी तहसील कार्यालयात व दुय्यम निबंधकाकडे विचारावे, मागून नव्हे. नोंदणी झालेले खरेदीखत नाही, सातबाऱ्यावर नाव नाही, अशा जागेवर पंचायत परवानगी देऊ शकत नाही आणि बँक कर्ज देत नाही. घर मात्र उभे राहते, कारण विटांना सातबारा वाचता येत नाही.

व्यवहार रीतसर झाला तर पुढचा मार्ग मात्र बराच मोकळा आहे. शेतजमिनीचा वापर बिगरशेतीसाठी करावयाचा झाल्यास महसूल अधिनियमाच्या कलम ४२ व ४४ प्रमाणे परवानगी घेण्याची मूळ रीत होती. नंतर समाविष्ट झालेल्या कलम ४२-ड ने गावठाणाच्या हद्दीपासून २०० मीटरच्या आतील जमीन राहण्याच्या वापरासाठी, ठरलेली रक्कम भरून, बिगरशेतीत रूपांतरित झाल्याचे मानण्याची सोय केली. गावठाणे वाढत्या वस्तीस अपुरी पडली आणि हद्द मात्र जुनीच राहिली, हे ध्यानात घेता ही सोय योग्यच म्हणावी लागेल. बिगरशेती वापराचे नियम गेल्या दहा वर्षांत अनेकदा सैल करण्यात आले आहेत, यास्तव तहसील कार्यालयात त्या दिवशी चालू असलेली रीत विचारून घ्यावी. शेजाऱ्याने पाच वर्षांपूर्वी केलेल्या प्रकरणाची नक्कल करू नये.

आता धाकटा. माढा तालुक्यात गावापेक्षा वस्त्यांवर राहणारी कुटुंबे कमी नाहीत. १९८० मध्ये उजनीचे धरण पुरे झाल्यावर जेथे पाणी पोहोचले, तेथे रात्रीच्या पाळीला, उसाला आणि जनावरांना जवळ माणूस हवा, म्हणून शेतातच घर केले जाऊ लागले. अशा शेतकऱ्यास कलम ४१ चा आधार आहे. ज्या जमिनीची आकारणी शेतीसाठी झालेली आहे, तीवर शेतघर बांधण्याचा हक्क खातेदारास या कलमाने दिला आहे. शेतघर म्हणजे केवळ कडबा व अवजारे ठेवण्याचे छप्पर नव्हे. धान्याचे कोठार, गुरांचा गोठा, आणि खातेदाराचे कुटुंब, त्याचे गडी किंवा कुळे यांचे राहते घर, हे सारे अधिनियमातील व्याख्येत येते. तेव्हा शेतातील राहत्या घरासाठी जमीन बिगरशेती करून घ्यावीच लागते, असे सांगून कोणी खर्चात पाडत असेल, तर प्रथम हे कलम वाचून घ्यावे.

या सवलतीस कुंपण आहे. नगरपालिका, नगरपंचायत यांची हद्द व त्यांचा परिसर, आणि प्रादेशिक योजनेखालील क्षेत्र अशा ठिकाणी शेतघरासही जिल्हाधिकाऱ्यांची पूर्वपरवानगी लागते. तेथे किमान क्षेत्राची व जोत्याच्या क्षेत्रफळाची मर्यादाही आहे. माढा व कुर्डुवाडी या दोन शहरांलगतच्या शेतकऱ्यांनी हे विशेष ध्यानात ठेवावे. शिवाय शेतघर ते शेतघरच. टेंभुर्णीजवळून पुणे-सोलापूर महामार्ग जातो. त्याच्या कडेला शेतघराच्या नावाने भिंती उभ्या करून आत खानावळ किंवा दुकान थाटले, तर कलम ४१ चे संरक्षण संपते आणि कलम ४५ चा दंड सुरू होतो. महामार्गाच्या व इतर मोठ्या रस्त्यांच्या कडेला इमारतरेषा ठरलेली असते, तिच्या आत घर घेऊ नये. रस्ता रुंद होतो तेव्हा प्रथम तीच घरे जातात.

धाकट्याच्या बाबतीत एक गैरसमज फार पसरलेला आहे. महसुली परवानगी लागत नाही म्हणजे कोणतीच परवानगी लागत नाही, असे तो समजतो. जमिनीचा वापर बदलण्याची परवानगी ही एक गोष्ट, इमारत उभारण्याची परवानगी ही दुसरी. पहिली तहसीलच्या दारी, दुसरी पंचायतीच्या दारी. पहिलीतून सूट मिळाली तरी दुसरीसाठी अर्ज द्यावा. पुढे वीजजोडणी, घरपट्टीची नोंद, कर्ज, नुकसानभरपाई या प्रत्येक वेळी दुसरा कागद मागितला जातो.

या तिघांखेरीज आणखी दोन प्रकारच्या जागा तालुक्यात आढळतात. उजनीच्या पाण्याखाली गेलेल्या गावांची पुनर्वसित गावठाणे येथे आहेत. तेथील जागा शासनाने दिलेल्या असल्याने त्यांच्या कागदावर अनेकदा हस्तांतरणाची अट असते. मूळ प्रकल्पग्रस्ताकडून अशी जागा तोंडी विकत घेऊन बांधकाम करणाऱ्याने ती अट प्रथम वाचावी. सातबाऱ्यावर भोगवटादार वर्ग २ असे लिहिलेले असल्यास विशेषच. दुसरी जागा म्हणजे गायरान. २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने जगपालसिंग विरुद्ध पंजाब राज्य या प्रकरणात गावाच्या सामाईक जमिनीवरील अतिक्रमणे काढण्याचे निदेश सर्व राज्यांस दिले आणि महाराष्ट्र शासनानेही त्याच वर्षी त्यानुसार आदेश काढले. गायरानावरील घरास पंचायतीने परवानगी देणे शक्य नाही. तेथे नेमून दिलेली घरपट्टी ही केवळ घरपट्टी होय. ती भरल्याने जागा आपली होत नाही.

लहान घराची सोपी वाट

राज्य शासनाने २ डिसेंबर २०२० रोजी एकत्रीकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली मंजूर केली. तीत लहान भूखंडांवरील घरांसाठी वेगळी वाट ठेवलेली आहे. हीच सोय ग्रामीण भागात लागू करीत असल्याचे ग्रामविकास विभागाने २०२१ मध्ये जाहीर केले. भूखंड १५० चौरस मीटरपर्यंत असेल, म्हणजे दीड गुंठ्यास किंचित कमी, तर मालकीचा कागद, जागेचा मोजणी नकाशा, घराचा नकाशा आणि तो नियमास धरून असल्याबद्दल परवानाधारक अभियंत्याचे प्रमाणपत्र एवढे सादर करून, ठरलेले शुल्क भरून बांधकामास सुरुवात करता येते. नकाशाची छाननी होईतो थांबावे लागत नाही. भूखंड १५० ते ३०० चौरस मीटर असेल, म्हणजे तीन गुंठ्यांच्या आत, तर हेच कागद दिल्यावर आणि शुल्क भरल्यावर दहा दिवसांत बांधकाम प्रारंभ प्रमाणपत्र द्यावयाचे आहे. नगररचना कार्यालयाकडे प्रकरण पाठविण्याची गरज राहत नाही. समजा मधल्या भावाने गुंठाभर जागा रीतसर घेतली, तर त्याची जागा १०१ चौरस मीटर भरते. तो पहिल्या वर्गात बसतो.

या सवलतीचा अर्थ ‘परवानगी रद्द झाली’ असा लावला गेला, हे दुर्दैव होय. छाननी टळली, नियम टळले नाहीत. ती जबाबदारी आता घरधन्यावर आणि नकाशावर सही करणाऱ्या अभियंत्यावर आली आहे. म्हणून सही विकत घेऊ नये. अभियंत्यास जागेवर आणावे, चारी कोपरे दाखवावे आणि मग नकाशा करवून घ्यावा.

मोजणीविषयी थोडे अधिक सांगणे अवश्य आहे. तालुका भूमि अभिलेख कार्यालयात शुल्क भरून मोजणी मागविली, म्हणजे भूकरमापक जागेवर येतो, लगतच्या धारकांस नोटीस जाते आणि शेवटी मोजणी नकाशाची ‘क’ प्रत मिळते. या कामास हंगामाप्रमाणे वेळ लागतो. पाया खणण्याच्या आठ दिवस आधी मोजणीस धावणे म्हणजे पेरणीच्या दिवशी बियाणे शोधण्यासारखे आहे. ज्यास मार्चमध्ये घर सुरू करावयाचे आहे, त्याने दिवाळीनंतर लगेच मोजणीचा अर्ज द्यावा, हे बरे.

अर्ज दोन प्रतींत करावा, आणि दुसऱ्या प्रतीवर दिनांक, शिक्का व सही यांसह पोच घ्यावी. हा सल्ला क्षुल्लक वाटेल, पण पंचायतीने ठराविक मुदतीत निर्णय न कळविल्यास परवानगी मिळाली असे मानण्याची तरतूद कायद्यात आहे आणि ती मुदत अर्ज पोहोचल्याच्या दिनांकापासून मोजली जाते. नगरपंचायतीच्या हद्दीत ही मुदत ६० दिवसांची आहे. अशा मानलेल्या परवानगीने नियमाविरुद्ध बांधण्याची मुभा मात्र मिळत नाही. नकाशा नियमात बसणारा असेल तरच ती टिकते. ज्याच्याजवळ पोच नाही, त्याची मुदत सुरूच झालेली नसते. नकार मिळाल्यास तो लेखी व कारणांसह मागावा. तोंडी नकारावर अपील करता येत नाही. अपिलाची रीत कुर्डुवाडी येथील पंचायत समितीच्या कार्यालयात विचारावी. नमुना ८ चा उतारा मिळण्यास विलंब होत असेल, तर महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ चा आधार घेता येतो.

येथे ग्रामसेवकांचाही विचार केला पाहिजे. २०२४ मध्ये शासनाने ग्रामसेवकास ग्रामपंचायत अधिकारी आणि तलाठ्यास ग्राम महसूल अधिकारी अशी नावे दिली, तरी गावात जुनीच नावे चालतात. नाव कोणतेही असो, एकेका अधिकाऱ्याकडे दोन-दोन गावांचा भार असतो, आणि गावकऱ्यास नाही म्हणणे त्याला जड जाते. त्याने एक साधी गोष्ट करावी. गावठाणाच्या हद्दीचा नकाशा, गायरानाचे गट, पुराची रेषा आणि अर्जास लागणाऱ्या कागदांची यादी चावडीवर कायमची लावून ठेवावी. मग नाही म्हणण्याचे काम तो फलक करतो.

नदी आणि भूकंप

नकाशा, उतारा, पोच या साऱ्यांचा उपयोग काय, असे विचारणाऱ्यास सीनेकाठच्या गावांकडे बोट दाखवावे. २०२५ च्या सप्टेंबरात सीना नदीला आलेल्या पुराने माढा तालुक्यातील दारफळसारख्या काठच्या गावांत पाणी शिरले. घरे, गोठे, उभी पिके आणि बांधलेली जनावरे गेली. एरवी उन्हाळ्यात जिच्या पात्रातून पायी जाता येते, त्या नदीचे पाणी इतके पसरेल, असे काठावर घर बांधणाऱ्यास वाटले नव्हते.

नदीकाठच्या बांधकामासाठी जलसंपदा विभाग दोन रेषा आखतो. सरासरी पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची ती निळी रेषा आणि शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची ती लाल रेषा. पात्र व निळी रेषा यांच्या मधील पट्टा निषिद्ध असतो. तेथे नवे घर बांधता येत नाही. निळ्या व लाल रेषेच्या मध्ये बांधकामावर निर्बंध असतात आणि जोते पुराच्या पातळीवर घ्यावे लागते. जेथे या रेषा आखलेल्या आहेत, तेथे परवानगी देताना त्या पाहणे पंचायतीचे कर्तव्य होय. जेथे आखलेल्या नाहीत, तेथे २०२५ च्या पाण्याची खूण अजून भिंतींवर, खांबांवर आणि लोकांच्या स्मरणात आहे. ती खूण रंगाने पक्की करून ठेवावी. धाकट्या भावाने विहिरीजवळ म्हणून नदीकाठी घर घ्यावे, की दोन एकर वर चढावर घ्यावे, याचे उत्तर ती खूण देईल. विहिरीचे पाणी नळीने वर नेता येते.

दुसरी गोष्ट भूकंपाची. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, चारच्या सुमारास, किल्लारी परिसरात भूकंप झाला आणि लातूर व त्या वेळच्या उस्मानाबाद जिल्ह्यांत हजारो माणसे झोपेत गेली. त्या काळच्या भूकंप नकाशात तो भाग सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यात गणला गेला होता. भूकंप फार मोठा नव्हता. माणसे मारली ती घरांनी. दोन-अडीच फूट रुंदीच्या दगडमातीच्या भिंती, आतील व बाहेरील दगडांना एकत्र बांधणारे आरपार दगड नाहीत, मध्ये नुसती माती व कपच्यांची भर, आणि वर दर पावसाळ्यापूर्वी मातीचा नवा थर चढून जड झालेले माळवद. माढा तालुक्यातील जुनी धाब्याची घरे याच रीतीने बांधलेली आहेत. ती उन्हाळ्यात गार राहतात हे खरे; परंतु थोरल्या भावाने तीच जुनी भिंत ठेवून वर सिमेंटची स्लॅब टाकण्याचा विचार केला, तर अभियंत्याने तो नकाशा स्वाक्षरीवाचून परत करावा. भिंत दगडाची ठेवावयाचीच असेल, तर ठराविक अंतरावर आरपार दगड, कोपऱ्यांस मजबुती, आणि जोते, दरवाजावरील पातळी व छत या तीन ठिकाणी घरास चहूबाजूंनी वेढणारा सलोह काँक्रीटचा सलग पट्टा घालावा. एकूण खर्चाच्या मानाने या पट्ट्याचा खर्च थोडा असतो.

काळीत घर बांधणाऱ्याने पायाकडे लक्ष द्यावे. काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आक्रसून भेगा देते. तिच्यावरच ठेवलेला पाया दर वर्षी किंचित वर-खाली होतो आणि तिसऱ्या-चौथ्या वर्षी खिडकीच्या कोपऱ्यापासून तिरकी भेग निघते. पाया मुरमापर्यंत न्यावा. मुरूम फार खोल लागत असेल, तर जागा बदलणे किंवा अभियंत्याच्या सल्ल्याने खांबांचा पाया घेणे, हे दोन उपाय आहेत. घराभोवती फरशी करून पागोळीचे पाणी पायापासून दूर काढावे आणि भिंतीस लागून झाड लावू नये.

घरकुलाच्या लाभार्थ्यांविषयी. प्रधानमंत्री आवास योजना (ग्रामीण) २०१६ मध्ये सुरू झाली, तेव्हा सपाट प्रदेशातील घरासाठी १ लाख २० हजार रुपयांचे साह्य आणि किमान २५ चौरस मीटरचे घर असे प्रमाण ठरले. राज्य शासनाने पुढे त्यात स्वतःची भर घातली. पैसा हप्त्याने येतो आणि प्रत्येक हप्त्यापूर्वी बांधकामाचे छायाचित्र जागेवरून घेतले जाते. यादीत नाव आहे, पण जागा स्वतःची नाही, म्हणून अनेकांचे घर अडते. अशांसाठी जागा खरेदीस साह्य देणारी पंडित दीनदयाळ उपाध्याय योजना आहे; तिची चौकशी पंचायत समितीत करावी. साह्य मिळते म्हणून सुरुवातीसच मोठ्या घराचा पाया घालू नये. छत न पडलेली, लिंटेलपर्यंत येऊन थांबलेली घरे प्रत्येक गावात दिसतात. त्यांतील बहुतेक पैसा पायात अडकलेली असतात.

जोत्यापर्यंत काम आले, की अभियंत्याकडून एकदा मोजून घ्यावे. नकाशात जेवढे अंतर सोडले आहे, तेवढे जागेवर सुटले आहे किंवा नाही, हे याच वेळी दुरुस्त करता येते. भिंती चढल्यावर नाही. नगरपंचायतीच्या हद्दीत बांधकाम परवानगीची मुदत एक वर्षाची असते आणि ती वेळीच अर्ज करून वाढवून घ्यावी लागते. पैशाअभावी काम थांबले, तरी हा अर्ज चुकवू नये.

घर पुरे झाल्यावर पूर्णतेचा दाखला घ्यावा आणि नमुना ८ मध्ये नवीन घराची नोंद करून घ्यावी. नोंद होताना घराचा प्रकार, क्षेत्रफळ आणि धारकाचे नाव तपासून पाहावे. पतीबरोबर पत्नीचेही नाव लावता येते, ते याच वेळी लावावे. मंजूर नकाशा, मोजणीची ‘क’ प्रत, अर्जाची पोच, शुल्काच्या पावत्या आणि घरपट्टीची पहिली पावती एका प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून जोत्यापासून उंच ठेवाव्यात. सीनेकाठच्या गावांत २०२५ च्या पुरानंतर भिजलेल्या कपड्यांबरोबर भिजलेले कागदही उन्हात वाळत घातलेले होते. ज्यांची अक्षरे शाबूत राहिली, त्यांचे पंचनामे लवकर झाले.